देवयानी ओरडते तेव्हा

ओरडायच्या आधी देवयानी शेजाऱ्यांना सांगून येते. त्या मंगळवारीही ती आणि मी, तिची मैत्रीण, अशा आम्ही दोघी खाली गेलो. मिश्रा चाची दारात मटार सोलत बसल्या होत्या.

"चाची, आज तीन बजे चीखूँगी."

"मरना भी है?"

"नहीं, बस आग में फँसना है."

"अच्छा. पिछली बार वाला भूत अच्छा था."

वरचे भाडेकरू, समोरचा दवाखाना, सगळ्यांना सांगून झालं. शरदकाकांना सांगायचं मात्र दोघींच्याही मनात आलं नाही. साडेसहाच्या आत ते कधी घरी येत नाहीत.

शरदकाका तिचे वडील. रेल्वेत इंजिनिअर. नागपूरहून बदली होऊन लखनौला आले आणि तिथल्या तेलीबाग भागातच राहिले. देवयानी तीन वर्षं आवाजाचं काम करते. कोचिंग क्लासच्या जाहिराती, फोनवरच्या सूचना, मुलांच्या गोष्टी. काकांनी त्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. आता एक परदेशी मालिका हिंदीत येणार होती आणि नायिकेच्या आवाजासाठी शेवटच्या दोघींत देवयानी होती. घरात ठरलं होतं, ही मालिका मिळाली तर ठीक. नाही तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म. फॉर्मची मुदत उद्या संपत होती.

तिची स्टुडिओची खोली म्हणजे घरातली सामानाची खोली. भिंतींना रजया टांगलेल्या. तीनला शेवटच्या चाचणीसाठी तिने आतून कडी लावली आणि कानांवर हेडफोन चढवले. मुंबईचे दिग्दर्शक ऑनलाइन ऐकत होते. मी दाराबाहेर बसले. कुणी बेल वाजवू नये, एवढंच माझं काम.

तीन वाजून दहा मिनिटांनी काका किल्लीने दार उघडून आत आले. डोकं दुखत होतं म्हणून लवकर निघाले होते. मी ओठांवर बोट ठेवलं, आणि त्याच वेळी आतून किंकाळी आली.

"पापा! पापा, दरवाज़ा खोलो!"

हे संवाद मला पाठ होते. सकाळी चार वेळा तिच्याबरोबर मीच वाचले होते. तरी मी उठून उभी राहिले.

काका धावले. दोन्ही हातांनी दार बडवू लागले. "देवू! कडी काढ! देवू!"

किंकाळी थांबली. मग तिचा रोजचा आवाज.

"सॉरी सर. घर में कोई आ गया. एक बार और दे दूँ?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"काम करतेय ती, काका," मी कुजबुजले. "आग खोटी आहे."

आतून पुन्हा आवाज आला. "जी सर. समझ गई. यही आख़िरी."

काका दारापासून हलेनात. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांना असं कधी धरलं नव्हतं.

"पापा!"

या वेळी ती घाई करत नव्हती. किंकाळी चढली, फाटली. मग खोकला. मग श्वासच येईना. कागदावर त्या जागी फक्त 'धुआँ' एवढंच लिहिलेलं होतं. काकांनी दुसरा हात उचलला. मला वाटलं, संपलं. त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

आवाज थांबला.

"जी. जी सर. शुक्रवार? ठीक है सर. थैंक यू."

कडी निघाली. देवयानी घामाने भिजली होती.

"बाबा? दार तुम्ही वाजवत होतात? कधी आलात?"

"झालं?"

"मिळालं."

काका तिथेच फरशीवर बसले. बुटांसकट.

"म्हणजे फॉर्म भरायचा नाही."

"नाही."

"पुढचं कधी?"

"शुक्रवारी. शुक्रवारी मरायचंय."

"किती वाजता?"

"अकराला."

"अकराला मी ऑफिसात असेन," काका म्हणाले. "बरं आहे."

मग ते बुटाच्या नाड्या सोडायला लागले. गाठ सुटेना. देवयानी समोर बसली आणि तिने ती सोडवली.