मोहोळाखाली गुलाबाचं अत्तर

माझ्याकडे गुलाबाच्या तेलांच्या एकवीस बाटल्या आहेत आणि बाविसाव्या बाटलीसाठी मी सांगलीहून थेट गडचिरोलीतलं कुरखेडा गाठलं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं काही नाही. तिथे शिक्षिका असलेली माझी मैत्रीण वनिता म्हणाली होती, "अंगणातल्या गावठी गुलाबाचं एक फूल उशाशी ठेव, सकाळपर्यंत खोली घमघमते." एवढं ऐकल्यावर मी कसली थांबतेय!

नागपूरहून वडशाची एसटी पकडा, पुढे कुरखेडा तासाभरात येतं. मार्चमध्ये जाणार असाल तर पाणी आणि टोपी हवीच. वनिताकडे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण दोनदा मागून घेतलं. पहाटे फुलं तोडली, पाकळ्या तिळाच्या तेलात बुडवल्या. वासात लिंबाची साल, मागून किंचित मिरी. ताडून बघायला माझं लाडकं कनौजचं अत्तर कानामागे थेंबभर लावलं. या गुलाबापुढे ते नुसतंच गोड वाटलं. इतकी खूश मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

त्याच सकाळी शेजारचे सोमजीभाऊ आणि त्यांची बायको कौसल्याबाई मोहोळ काढायला निघाले होते. मी मागेच लागले.

"ताई, तेल-अत्तर लावलं तं नाई न?" भाऊंनी विचारलं. "वासानं माशा उठतेत."

"छे, काहीच नाही," मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला घरीच ठेवलं असतं.

भाऊ ऐनाच्या झाडावर चढले. खाली कौसल्याबाई ओल्या पाल्याचा धूर करत होत्या. मला लांब उभं केलं होतं, पण फोटोसाठी मी पुढे सरकले. एक माशी कानाशी आली, मी हात झटकला आणि मग थवाच आला. मी किंचाळत पळाले. कौसल्याबाईंनी धावत येऊन मला खाली बसवलं, आपल्या पदरात गच्च गुंडाळलं आणि स्वतः उघड्या राहिल्या. भाऊ अर्धं पोळं सोडून घसरत उतरले.

मला तीन डंख. भाऊंचे खांदे सुजले. कौसल्याबाईंचा एक डोळा पार मिटला होता.

"धूर बारीक केला तू, म्हनून माशा उठल्या!" भाऊ बायकोवर ओरडले. "इतके वर्स झाले, तुले अजूनबी समजत नाई?"

त्या धुरावर माती टाकत राहिल्या. कानामागच्या अत्तराचं मी सांगितलं नाही. वाटेतही भाऊ त्यांना बोलत होते आणि मी मागून चालत होते.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यानं कौसल्याबाई मला सोडायला बस थांब्यावर आल्या, मधाची बाटली घेऊन. हळूच म्हणाल्या, "ताई, पदरात घेतलं तवाच तुमच्या अंगाचा वास आला मले. त्याइले सांगू नका. पाहुणी खोटं बोलली म्हनून त्याइले लय वाईट वाटन."

'माफ करा' म्हणायच्या ऐवजी मी बाटली पिशवीत नीट बसवली. बस आली, मी चढले.

घरी येऊन तेल गाळलं. वास अप्रतिम आहे, आणि तो तसा वाटतो याचीही लाज वाटते. त्याहून जास्त लाज याची, की बाईंनी 'सांगू नका' म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. त्यांच्या घरात चूक अजून त्यांचीच आहे. सोमजीभाऊ ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून तर मी इथे एवढ्या धीटपणे लिहितेय. त्यांचा नंबर वनिताने मला कधीच पाठवलाय. मी अजून लावलेला नाही.