काकांचे शेवटचे साहेब

दिल्लीत दुसऱ्यांसाठी सर्वांत जास्त वेळा आणि स्वतःसाठी सर्वांत कमी वेळा दार उघडलेला माणूस कोण, अशी कधी मोजदाद झाली तर पहिला नंबर माझ्या मावशीच्या यजमानांचा लागेल. काका एका सरकारी खात्यात स्टाफ कारचे ड्रायव्हर होते आणि माझे वडील त्याच खात्यात चपराशी. आर. के. पुरमच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये आमची दोन बिऱ्हाडं राहायची, मध्ये जुन्या साडीचा पडदा. पाणी पहाटे यायचं. डोळा लागला तर दिवसभर शेजाऱ्यांकडे बादली घेऊन फिरायचं. हिवाळ्यात रजया कमी आणि गावाकडचे पाहुणे जास्त, त्यामुळे आम्ही मुली एकमेकींच्या अंगावर पाय टाकून ऊब काढायचो. एकच दिवा होता, तो पडद्याच्या वर टांगलेला, म्हणजे दोन्ही घरांना सारखाच अपुरा. त्या उजेडात मी आणि माझी मावसबहीण सुनंदा शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते.

माझ्या मागोमाग सुनंदा शिकली आणि माझ्या पुढे गेली. नव्या कंपन्या आल्या होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना गुडगावात नोकऱ्या मिळत होत्या. त्या गुडगावाशी काकांचा जुना संबंध. फार पूर्वी ते एका साहेबांना तिथे प्लॉट दाखवायला घेऊन गेले होते. साहेबांनी मत विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, "सर, यहाँ मोर के सिवा कौन रहेगा?" साहेबांनी प्लॉट घेतला नाही. पुढे तिथेच कुठेतरी सुनंदाने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, दारावर वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावली, आणि मावशी गेल्यावर काकांना घेऊन आली. त्या साहेबांची आठवण निघाली की काका अजून ओशाळतात.

पण पाटीचा काही उपयोग झाला नाही. इमारतीत दोन लिफ्ट. पुढची आरशाची, रहिवाशांची. मागची सर्व्हिस लिफ्ट, म्हणजे कामवाल्या बायका, ड्रायव्हर, सिमेंटची पोती आणि कचऱ्याचे ड्रम. काका पहिल्या दिवसापासून मागच्या लिफ्टने जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. सुनंदा चिडायची, कधी रडायचीही. "मी हे घर कुणासाठी घेतलं, बाबा?" काका म्हणायचे, "अगं, तिथे ओळखीची माणसं भेटतात. पुढच्या लिफ्टमध्ये सगळे वरच्या आकड्यांकडे बघत उभे." ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना कळत होतं.

मग सुनंदाने कॉर्गी जातीचा कुत्रा आणला. लग्नाऐवजी आणला, असं आमच्या नातेवाइकांचं म्हणणं. तोंड कोल्ह्याचं, कान सशाला शोभतील असे, पाठ लांबच लांब आणि पाय जणू नंतर आठवण झाल्यावर बसवलेले. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी उत्तम आहे. ग्राउंड क्लिअरन्स कमी आहे." सुनंदाने त्याचं नाव बिस्किट ठेवलं. काकांनी ते एकदाही उच्चारलं नाही. जन्मभर साहेबांबरोबर वावरलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर नवे साहेब मिळाले होते.

साहेबांशी ते अहो-जाहोने बोलायचे. "साहेब आज जेवले नाहीत, मूड खराब दिसतोय." साहेब डॉक्टरांकडे निघाले की काका गाडीचं मागचं दार उघडायचे, त्यांना दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचे आणि दार आवाज न करता लावायचे. मागच्या सीटवर सरकारी गाडीत असतो तसा पांढरा टॉवेल. साहेबांच्या अंगाचे केस एवढे गळायचे की संध्याकाळपर्यंत त्या टॉवेलला शाल म्हणता आलं असतं. काका तो रोज धुवायचे. आयुष्यभर पंख्याखाली झोपलेला हा माणूस मे महिन्यात एसी लावून बसायचा, स्वतः मात्र स्वेटर घालून. "साहेब थंड मुलखातले आहेत," असं स्पष्टीकरण. फिरायला नेण्याआधी बॉनेट किती तापलंय बघावं तसा रस्त्यावर तळहात टेकवून बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, आधीच्या साहेबांच्या मानाने हे कसे आहेत?" त्यांनी गंभीरपणे विचार केला. "स्वभावाने बरे. फाइल फेकत नाहीत. आणि पाठीमागे काही बोलत नाहीत, जे काय ते तोंडावर भुंकतात."

कॉर्गी मूळचा गुरं राखणारा, असं सुनंदा कुठेतरी वाचून आली होती. ते खरं असावं, कारण संध्याकाळी बागेत फिरणाऱ्या बायकांना साहेब टाचांशी तोंड नेऊन नेऊन एका कोपऱ्यात गोळा करायचे. एकदा सोसायटीच्या गेटसमोर शेजारच्या गावातली गाय बसली होती आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. साहेबांनी पट्ट्याला हिसका दिला, तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या, भुंकून भुंकून घसा बसवला. गायीने एकदा खाली बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं. काका अदबीने वाकले. "राहू द्या, सर. हा विषय आपल्या खात्यात येत नाही."

खरा पेच लिफ्टचा झाला. सर्व्हिस लिफ्टचं दार धाडकन आपटायचं. साहेबांनी ते एकदा ऐकलं आणि पुन्हा आत पाय ठेवला नाही. उंबऱ्यावरच बसकण मारायचे. जिना चढवायचा नाही, लांब पाठीला धोका आहे, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. पुढच्या लिफ्टने जायचं काकांच्या मनातसुद्धा येईना. मग त्यांनी तिसरा मार्ग काढला. एका दुपारी शेजारीण धावत आली. "सुनंदा, अंकलजी सीढ़ियों में बैठे हैं!" मी त्या दिवशी सुनंदाकडेच होते. आम्ही पळत खाली गेलो. चौथ्या मजल्याच्या पायरीवर काका घामाने निथळत, धापा टाकत बसले होते, आणि मांडीवर भरभक्कम साहेब, जीभ बाहेर काढून खुशीत. कितीतरी दिवस हे असंच चाललं होतं.

"पुढची लिफ्ट बंद आहे का, बाबा?" सुनंदाने विचारलं.

"चालू आहे."

"मग?"

"ती साहेब लोकांची आहे गं."

"आणि तुमच्या मांडीवर कोण बसलंय?"

काकांनी खाली पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवसापासून काका पुढच्या लिफ्टने जाऊ लागले. दार धरून आधी साहेबांना आत सोडायचे, मग आपण कोपऱ्यात, अंग चोरून. कुणी नुसतं बघितलं तरी न विचारता सांगायचे, "साहब के साथ हूँ।" लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

अशी बरीच वर्षं गेली. साहेबांचं तोंड पांढरं झालं, मग मागचे पाय ओढत चालू लागले, आणि एका सकाळी टॉवेलवरून उठलेच नाहीत. शेवटचा प्रवासही काकांनीच गाडी चालवून घडवला. वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

त्याच संध्याकाळी काका पुन्हा सर्व्हिस लिफ्टमध्ये शिरले.

सुनंदाने महिनाभर वाट पाहिली. एकदा पुढच्या लिफ्टने या असं म्हणालीही, तेव्हा काका इतकंच बोलले, "आता कुणाबरोबर जाऊ?" पण हट्ट ही आमच्या घरात वारशाने मिळणारी एकमेव इस्टेट. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आली ती खाली काकांची वाट बघत थांबली, आणि ते सर्व्हिस लिफ्टमध्ये शिरल्यावर आपणही शिरली. इस्त्रीचे कपडे, खांद्याला लॅपटॉप, एका बाजूला कचऱ्याचा ड्रम. काका कासावीस झाले.

"तू इथून कशाला? कपडे खराब होतील."

"बाबा जातात तिथून मुलगी जाणार."

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? पाटीवर नाव तुमचं आहे. मी तुमच्याबरोबर आहे."

ती रोज तशीच जात राहिली. एकदा तिच्या नव्या कुर्त्याला कुठलासा ऑइल पेंट लागला, तो काका रात्रभर रॉकेल लावून काढत बसले होते म्हणे.

त्यानंतरच्या रविवारी मी मयूर विहारहून त्यांच्याकडे गेले. काका भाजी घेऊन गेटमध्येच भेटले. आत आलो तर सर्व्हिस लिफ्ट उघडी होती आणि इस्त्रीवाला आतून हाक मारत होता, "आओ अंकलजी, जगह है!"

काका थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम चलो, भाई," ते म्हणाले, आणि पुढच्या लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले.

आम्ही शिरलो तेव्हा आत एक गृहस्थ होते, नुकतेच राहायला आलेले असावेत. त्यांनी काकांच्या पिशवीकडे पाहिलं. "किसके यहाँ जाना है?"

मी तोंड उघडणार होते. काकांनी मला डोळ्याने गप्प केलं.

"अपने यहाँ," ते म्हणाले. मग आपले दोन्ही हात पिशवीवर ठेवून, अगदी सौम्यपणे, "सातवाँ दबा दीजिएगा।"

गृहस्थांनी सातवा दाबला.

सुनंदा तिच्या कंपनीत बरीच वर चढली आहे, मी एम. ए. केलं, माझ्या धाकट्या भावाचं मयूर विहारमध्ये स्वतःचं घर झालं. यासाठी सगळ्यांनी खस्ता खाल्ल्या, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दोन पिढ्यांत तुम्ही काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी यातलं काहीच आधी सांगत नाही. आमचे काका पुढच्या लिफ्टने घरी जातात. एकटे असले तरी.