दोन्हीकडे सारखाच आवाज

भोंगा सुरू झाला की अजूनही मी दचकते. आणि गंमत अशी की आमचं पोट भोंग्यांवरच चालतं. माझे सासरे माइकवाले. लग्न असो की सभा, आमच्या भागातला भोंगा त्यांनीच बांधलेला असणार. घरात मात्र इतकं हळू बोलतात की चहा हवाय का, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं.

चढावर आमचं प्रार्थनाघर, उतारावर दुसऱ्या धर्माच्या लोकांचं. दोन्हीकडची कामं सासऱ्यांकडे. त्यांनी स्वतःचं एक शास्त्र काढलं होतं: माणसं धर्मावरून भांडत नाहीत, आवाजावरून भांडतात. म्हणून दोन्हीकडच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारी त्यांनी नेलपॉलिशची खूण केली होती, माझीच बाटली पळवून. खुणेपलीकडे बटण न्यायचं नाही.

"इतकी वर्षं काही झालंय का?" ते विचारायचे.

"बाबा, मग पोलीस कशाला हवेत? तुम्हालाच नेमायचं की!"

ते खुशीत हसायचे. खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. सोपं होतं ना.

त्या दिवशी सकाळी चौकात एक हातगाडी उलटली, कुणीतरी कुणाच्या तरी देवाबद्दल वेडंवाकडं बोललं, आणि दुपारपर्यंत दुकानांची शटरं अर्धी खाली आली. अशात सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला खालच्या प्रार्थनाघरात पाठवलं. तिथल्या माइकचा आवाज फाटत होता, आणि फाटका आवाज रागीट वाटतो, म्हणून माइक आजच बदलायचा.

"उद्या नाही का चालणार?" मी म्हटलं. तोवर तो हत्यारांची पिशवी घेऊन गेलासुद्धा.

संध्याकाळी खालचा भोंगा सुरू झाला. ती जागा खोलगट, म्हणून त्यांचे सगळे भोंगे आमच्या घर-दुकानामागच्या पाण्याच्या टाकीवर बसवलेले आहेत आणि वायर आमच्या भिंतीवरून जाते. तिथले म्हातारे धर्मगुरू जिवाच्या आकांताने ओरडत होते. आमच्या खिडकीची काच थरथरत होती. नवरा तिथेच होता आणि फोन उचलत नव्हता.

"खूण ओलांडली," सासरे म्हणाले. चेहरा पांढराफटक. पक्कड घेऊन ते मागच्या दाराकडे धावले.

"बाबा, ते काय म्हणतायत ते ऐका तरी!"

मला ऐकू येत होतं. "घरी जा! तो माझ्याकडे कामाला आलाय, त्याला कुणी हात..."

वायर तुटली.

क्षणभर काहीच नाही. मग उतारावरून कल्लोळ उठला. "आवाज बंद केला! त्यांनीच केला!"

आम्ही दाराला कडी लावली, मोठा स्पीकर ढकलून दाराशी लावला, दिवा मालवला. सासऱ्यांच्या हातात पक्कड तशीच होती.

"मला वाटलं, मोठा आवाज म्हणजे..." ते पुटपुटले.

"तुमची ती मेली खूण!" मी म्हटलं. त्या अंधारात मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्यापासून दूर बसले, आणि भीती इतकी की परत जवळ सरकले.

बऱ्याच वेळाने दारावर थाप पडली. "मी आहे," नवऱ्याचा आवाज.

त्याचा सदरा फाटलेला, कान सुजलेला, मानेवर रक्त. त्याला धरून एक तरणा मुलगा उभा होता. त्याने हत्यारांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.

"देवासारखा आला रे," सासरे रडत म्हणाले. "कोण होता?"

"ज्यानं मला मारलं, तोच."

मी कापूस शोधायचं सोडून दाराला कडी लावली.

"मारताना काही बोलत होता?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"प्रार्थना म्हणत होता."

"आणि इथवर आणताना?"

"तीच."

नंतर सासऱ्यांनीच ती वायर जोडून दिली. खुणेचं नाव मात्र ते आता काढत नाहीत. भोंगा लागला की हातातलं काम टाकतात आणि शब्द न् शब्द ऐकतात. ऐकून झालं की माझ्याकडे बघतात. मी कडी आधीच लावलेली असते.