बर्फमावशीचे बूट

बर्फमावशी स्कीचे बूट घालून पोळ्या करायची. हे सांगितलं की नव्या ओळखीच्यांना वाटतं, मी वाढवून सांगते. पण त्या वर्षांत ज्यांची मुलं इकडे ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्याच्या गुंगालिनमध्ये शाळेत होती, त्यांनी तिच्या स्वयंपाकघराच्या टाइल्सवर ते दगडासारखे बूट खाडखाड वाजताना ऐकलेत.

तिचं म्हणणं सरळ होतं. स्कीच्या बुटात गुडघे वाकवून, नडगी पुढे टेकवून उभं राहावं लागतं. आणि पोळी लाटताना माणूस नेमका तसाच पुढे झुकतो. म्हणून शाळेची स्की-ट्रिप जवळ आली की आसपासच्या मराठी मुलांना ती पाळीपाळीने बूट चढवायला लावी आणि हातात लाटणं देई. "मागे नको जाऊस. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की पाय त्याचे राहत नाहीत." पोळीचे नकाशे व्हायचे. ते ती तूप लावून मुलांनाच खायला घाली.

ती मूळची मिरजेची. बर्फ पाहिला तोच चाळिशीत, मुलाच्या वर्गाबरोबर पालक म्हणून गेली तेव्हा. तिथे चिमुरड्यांच्या रांगेत उभी राहून शिकली, आणि मुलगा शाळेतून बाहेर पडला तरी मदतनीस म्हणून दर हिवाळ्यात जात राहिली. फार चांगली स्की करायची असंही नाही. थांबायला मात्र पक्कं शिकवायची. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे वेग मरतो. मुलं म्हणत, "Maushi, that's called pizza." ती म्हणे, "तुमचा पिझ्झा, माझा समोसा. थांबलात म्हणजे झालं."

माझी इरा तेव्हा आठवीत होती. आदल्या वर्षीची ट्रिप कोविडमुळे रद्द झालेली, त्यामुळे या वर्षी जायचंच म्हणून ती रोज दुपारी मावशीकडे. जाड मोज्यांवर मोजे चढवून मावशीचे बूट घालायची आणि घरी आल्यावरही सोफ्याला टेकून गुडघे वाकवत बसायची.

त्याच वर्षी, भारतातल्या उन्हाळ्यात, नाशिकला माझी आई गेली. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. मी तिला फोनवर पाहिलं आणि फोनवरच निरोप दिला. त्यानंतर इरा कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी मी खिडकीशी उभी राहायचे. बसभर मुलं, एका खोलीत चौघी, वरून बर्फ. मला ते झेपेना. नवऱ्याने शाळेचं सगळं माझ्यावर सोडलेलं. मी कोणाला न विचारता इराचं नाव काढून घेतलं.

आणि हे तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी म्हणाले, "इरा, शाळेचा मेल आलाय. जागा भरल्या."

इरा बुटांतच वळली. "But Maushi, you said I'm in."

ट्रिपच्या यादीतली सगळी नावं मावशीला पाठ होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लाटणं खाली ठेवलं, पदर नव्हता म्हणून एप्रनलाच हात पुसले.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली. "तू येतेयस हे मी वेळेत कळवायला हवं होतं. राहिलं."

मी ते तसंच राहू दिलं. ती बुटांचे बकल काढायला खाली वाकली, तर इराने पाय मागे घेतला. स्वतःच झटापट करून बूट काढले आणि मोज्यांवरच घरी चालत आली. त्या दिवशी गवतावर दुपारपर्यंत दव गोठलेलं होतं.

ट्रिप झाली, सगळी मुलं धडधाकट परतली. थोड्याच दिवसांत कॅनबेऱ्यात लॉकडाऊन लागला. मावशी दाराशी डबा ठेवून जायची, बेल वाजवून लांब उभी राहायची. इरा दार उघडायला जायची नाही. डबा मी आत घ्यायचे.

सीमा उघडल्यावर मावशीच्या नवऱ्याला पार उत्तरेला, उकाड्याच्या डार्विनला गॅसच्या प्लांटवर नोकरी लागली. निघताना ती बूट घेऊन आली. "तिकडे यांचं काय करू? मगरीला घालू? पोरीला होतील पुढे."

इरा खोलीतून बाहेर आली नाही. मी गाडीपर्यंत गेले. म्हणाले, "मावशी, मी तिला सांगते."

"सांग. पण मला बरं वाटावं म्हणून नको. तुझे पाय टेकले की सांग."

पाय टेकायला मला काही वर्षं लागली. इरा आता युनिव्हर्सिटीत आहे. या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर बर्फात जायचं ठरलं, म्हणून तिने गॅरेजमधून ते बूट काढले. "फिट होतात, आई," म्हणाली. तेव्हा मी सांगितलं. सगळं.

तिने ऐकून घेतलं. "You let me hate her," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग बुटांतच आत गेली, पोळपाट काढला, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि डार्विनला लावला.

पडद्यावर पंख्याखाली घामाघूम झालेली मावशी. केस पांढरे झालेले. इराने फोन खाली वळवून पायातले बूट दाखवले. मावशीने बूट पाहिले, इराचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं असावं.

"नडगी टेकलीय का पुढे?" तिने विचारलं. इराने मान डोलावली.

"मग लाट." ती म्हणाली, "आणि तुझी आई कुठंय? अशी दारात काय उभी? तिला म्हणावं, पुढे ये."