वेस्ट मांबलमचं घर आणि परदेशाची फी

शाळेत असताना दर सोमवारी सकाळी मी आणि सरोजा कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर बसून कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांना खडू फासायचो. रविवारी पॉलिश लावायचं राहिलेलं असायचं आणि सिस्टर रांगेत आधी पाय बघायच्या. वडिलांच्या बदलीमुळे मी तेव्हाच्या मद्रासमध्ये तीनच वर्षं होते. वर्गात मराठी बोलणारी दुसरी एकटी तीच, तंजावरकडची. तिचं मराठी मला जुन्या पत्रातल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "घर विकतें आहे गे. वैष्णवीला इंग्लंडला धाडायचं. सामान काढायला येतेस?"

मी हो म्हटलं. खरं तर तिला थांबवायलाच निघाले होते.

पुण्याहून गाडीला जवळजवळ वीस तास लागतात. वयामुळे खालचा बर्थ मिळतो, झोप मिळेलच असं नाही. चेन्नई सेंट्रलला उतरून रस्ता ओलांडला की पार्क स्टेशन. तिथून लोकलनं मांबलमचं तिकीट दहा रुपयांच्या आत. बाहेर पडताना पश्चिमेचा जिना घ्या, पूर्वेला साड्यांच्या दुकानांत अर्धा दिवस जातो. सरोजाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोघींच्याही गुडघ्यांना ते मानवत नाही.

तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. वैष्णवी ही उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. ती शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. पहाटे कंपनीच्या बसनं जाते, परत येते तेव्हा सँडल काढायचंही त्राण नसतं.

शनिवारी आम्ही तिघी एका हॉटेलातल्या परदेशी शिक्षणाच्या मेळाव्याला गेलो. प्रवेश फुकट, कॉफी नव्वद रुपये. वैष्णवीला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाची बाई तिथे येणार होती.

सल्लागार संस्थेचा तरुण हसून म्हणाला, "अम्मा, आम्ही तुमच्याकडून एक पैसाही घेत नाही."

"सरी, बरं. मग तुझा पगार कोण देतो रे बाळा?" सरोजा बँकेत तीस वर्षं कर्जाच्या टेबलावर बसलेली.

तो म्हणाला, "विद्यापीठ देतं. प्रत्येक विद्यार्थ्यामागे."

तुम्ही कोणी असं जाणार असाल तर हा प्रश्न आधी विचारा.

विद्यापीठाची बाई उन्हानं लाल झालेली, या दौऱ्यातलं सहावं शहर होतं तिचं. सरोजानं तिला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मुलांपेक्षा आमच्याकडून इतकी जास्त फी का?"

"त्यांची फी सरकार ठरवतं. त्यात खर्च भागत नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांच्या फीवर आमचा विभाग चालतो. ही मुलं आली नाहीत तर तो बंद होईल."

"आणि तुझी नोकरी?"

"तीसुद्धा."

"या कोर्ससाठी तू घर विकशील?"

तिनं समोरची माहितीपत्रकं सारखी केली. "मी भाड्यानं राहते," म्हणाली. सरोजानं आपल्या कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

परतीच्या रिक्षात मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "ऐकलंस ना? तुझ्या घरावर त्यांचा विभाग चालणार."

"आंटी, मला माहीत आहे ते," वैष्णवी म्हणाली. "माझ्यानंतर लागलेला मुलगा आज माझा साहेब आहे. त्याच्याकडे बाहेरची डिग्री आहे. मी ती बस अजून किती वर्षं पकडू?"

"मग कर्ज काढ," मी सरोजाला म्हटलं.

"कर्ज हिच्या डोक्यावर बसेल. तिथे नोकरी लागली नाही तर? तीस वर्षं अशा मुलांना नोटिसा पाठवल्या मी. घर गेलं तर माझं एकटीचं जातं." आणि मग, "पोदुम, पुरे. आता मला शिकवू नकोस. जेवायला मेसमध्ये जाऊ, मला चूल पेटवायचा कंटाळा आला."

केळीच्या पानावरचं जेवण, एकशे चाळीस रुपये. ताक मागाल तेवढं.

रविवारभर सामान काढलं. सोमवारी तिनं घराच्या विक्रीखतावर सही केली. मी पेन दिलं.

पुण्याला येऊन आठवडा झाला, थकवा जात नाही. तिला थांबवू शकले नाही याचं वाईट वाटतं. थांबवलं असतं तर वैष्णवीच्या तोंडाकडे बघवलं नसतं, हेही खरं. काल सरोजानं फोनवर वाटणी सांगितली. तिचे चेन्नईतले आणि पुण्यातले नातलग माझं हे लिखाण वाचतात, म्हणून इथेच लिहिते.

इडलीचा ग्राइंडर खालच्या मजल्यावरच्या मैथिलीला. शिवणयंत्र इस्त्रीवाल्याच्या बायकोला, तेल घालूनच द्यायचं. यजमानांचे कोट पुण्याच्या दिरांना, ते माझ्याकडे आहेत. येऊन घेऊन जा. मोठी पितळी भांडी देवळाच्या स्वयंपाकघराला, नाव न घालता. वैष्णवीला कुकर आणि इडलीबरोबरची दोन किलो पोडी चटणी, बाकी विमानात तिची बॅग तेवीस किलोच. सरोजाला एक खाट, एक पंखा, ती आता भाड्यानं राहणार त्या मागच्या गल्लीतल्या खोलीत मावेल तेवढंच.

तिन्ही चाव्या नव्या मालकाला. पुढच्या दाराची किल्ली आधी जरा वर उचलायची, मग फिरवायची, हे त्याला सांगायचं.