हात जोडलेलं पान

पडदा वर जातो. भिंगारच्या बाजारामागची पत्र्याची खोली, खिडकीशी लॅपटॉप, आणि त्यापुढे माझा शेजारी हारिस, वय बत्तीस, डोळे तांबारलेले. प्रेक्षकांत मी एकटी, तमाशाच्या फडावर चाळीस वर्षं नाचून गुडघे घालवलेली बाई.

हारिस शिर्डीतल्या एका लॉजची वेबसाइट सांभाळायचा. हाताला हेच एक काम. ते गेलं तर सुप्याच्या कारखान्यात पॅकिंगला जावं लागणार, आणि तेच त्याला नको होतं. वेबसाइटची विद्या तो स्वतःच्या जिवावर शिकला होता.

त्यानेच मला एकदा समजावलं होतं. पुढचा सर्व्हर लोकांना भेटतो, मागचा खोलीची नोंद करतो. मागचा गप्प झाला की पुढचा इंग्रजीत एरर दाखवतो. लॉजमालक श्रीमंतशेठना ते खपेना. "भाविकाला इंग्रजीत शिवी देतो व्हय रे? लपव ती." म्हणाले. मग हारिसने पुढच्या सर्व्हरवर फिल्टर बसवला. एरर आली की ती गिळायची आणि माणसाला हात जोडलेल्या पानाकडे वळवायचं: नमस्कार, आपली नोंद मिळाली.

आमच्या फडातही सोंगाड्या पिऊन पडला की मी लावणी लांबवायचे. पण आत माणूस पडलाय हे मॅनेजरला ठाऊक असायचं. इथे बिघाड कळवणारा गजरही फसला. पान नीट उघडतंय म्हणजे सगळं ठीक, असं धरून तो वाजलाच नाही.

रामनवमीच्या आठवड्यात मागचा सर्व्हर तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी जालन्याकडची कुटुंबं लॉजच्या दारात मोबाईलवरचं ते पान पुढे करून उभी, आणि लॉजकडे त्यांची नोंदच नाही. एक म्हातारी थकून पायरीवरच आडवी झाली. हारिस दिवसभर दुसऱ्या लॉजांना फोन करत राहिला. कुठेच जागा नव्हती. संध्याकाळी शेठनी त्याच्याकडून पासवर्ड घेतले आणि घरी जायला सांगितलं. आता शिर्डीतला कुणीच लॉजवाला त्याचा फोन उचलत नाही.

कारखान्याचं ओळखपत्र काल आलं. मी भाकरी घेऊन गेले. म्हटलं, शेठना ठणकावून सांग ना, त्यांच्याच हुकमाने केलंस. त्याने लॅपटॉप पिशवीत घातला, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात काही घातला नाही.

"एरर लपव, एवढंच ते म्हणाले होते, मावशी. नोंद मिळाली, हे मी लिहिलं."