राहनाळ ते वडपे, तुटलेल्या स्टेअरिंगवर

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. आमच्या राहनाळला गोडाऊनच्या मागे कुणाला काय काय दिसतं, त्या गप्पांना सगळ्यात जास्त हसणारा मीच. आता तुम्ही मला हसाल... हसा.

गोष्ट २००६-०७ च्या सुमाराची. शेतात गोडाऊन उभी राहिली, त्यांचं भाडं येऊ लागलं आणि घरात पहिली नवी कोरी गाडी आली. बाबा रोज सकाळी ती स्वतःच्या टॉवेलने पुसायचे. एक दिवस मी कामावर असताना गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, जाड कागद, खाली गोल शिक्का. बाबा चौथी शिकलेले. "कंपनीनं शाबासकी धाडलीय!" असं म्हणून त्यांनी त्याला कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मलाही ते वाचून बघावंसं वाटलं नाही, हा माझा गाढवपणा.

आठ दिवसांनी बहीण सुनीताला नाशिकला सासरी सोडायचं होतं. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, वाटेत कसारा घाट. आईने टायरखाली लिंबं ठेवली. बाबांनी पत्र आणून डॅशबोर्डवर ठेवलं.

"र्‍हाऊ दे म्होरं. लांबचा रस्ता हाय."

आई, सुनीता, बाळ आणि मी निघालो. स्टेअरिंग त्या दिवशी फारच हलकं लागत होतं. माणकोलीजवळ एका गेटातून कंटेनर अचानक रिव्हर्स आला. मी उजवीकडे वळवलं आणि गाडी अशी सफाईने निघाली, की मागून आई म्हणाली, "आता बसला हो तुझा हात!" मी मनातून खूश झालो.

बायपासवर शेजारी बसलेल्या सुनीताने सहज ते पत्र वाचायला घेतलं. ती बी.कॉम. झालेली. दोन ओळी वाचून ती माझ्याकडे वळली.

"दादा... शाबासकी कसली? गाडी परत बोलावलीय. स्टेअरिंगचा जोड तुटू शकतो, दुरुस्त होईपर्यंत चालवू नका, असं लिहिलंय!"

पुढे-मागे ट्रक, थांबायला जागा नाही. मागे आईच्या मांडीवर बाळ झोपलेलं. माझ्या हातून या पोरीला काही झालं तर... याच्यापुढे विचारच जाईना. वडप्याला कंपनीचं वर्कशॉप होतं. हळूहळू तिथवर आणली, डावीकडे वळवून आत घेतली आणि बंद केली.

मेकॅनिक सलीमभाई खाली वाकले, टॉर्च मारला आणि उठले.

"टो करके लाये क्या?"

"नहीं, चला के लाया."

त्यांनी मला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. मी पूर्ण उजवीकडे फिरवलं, मग पूर्ण डावीकडे. पुढची चाकं जागची हलली नाहीत.

"आधा जोड ही गायब है, भाईसाब."

तिथला सुपरवायझर म्हणाला, "आत्ता आमच्या गेटात शिरताना तुटला असेल." मला ते पटलं, खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आम्ही गेटपर्यंत सगळी जागा धुंडाळली. काही सापडलं नाही. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"अरं, लिंबा झाडताना आंगणात लोखंडाचा तुकडा घावला. गाडीचा तं न्हाय?"

बाबा रिक्षाने तो तुकडा घेऊन आले. सलीमभाईंनी तो गाडीतल्या अर्ध्या जोडाला लावून पाहिला... कडेला कड जुळली. म्हणजे आम्ही अंगणातून निघालो तेव्हाच तो तुटलेला होता. मग माणकोलीला गाडी वळली कशी?

सुनीता दुसऱ्या गाडीने सुखरूप पोचली. भाची आता माझ्याच नव्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकते आणि माझ्या चुका काढते. कंपनीने जोड फुकट बदलून दिला, पुढे नऊ वर्षं ती गाडी सुरेख चालली. आई म्हणते, गावदेवीने आणलं. ओळखीच्या दोन इंजिनिअरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्हाला नीट आठवत नसेल. नसेलही. पण तो तुकडा तर आम्ही सगळ्यांनी पाहिला. मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता : गाडी कोणी चालवत आणली? बाकड्यावर सुनीता बाळाला पाजत बसली होती. तिच्याकडे बघत मी माझं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. आयुष्यात एवढी एकच खोटी सही केली... आणि इतक्या आनंदाने कधीच केली नाही.